नदी घाण आहे म्हणून चित्र नको?

शनिवारी कबनूरला घरी होतो. माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर, म्हणजे मोनेची थेम्स, बघून मित्र म्हणाला, "काय भारी नदी! नाहीतर आपली पंचगंगा... तिच्यात काढण्यासारखं काय आहे?"

डोकंच सटकलं. अरे, मोनेनं १८९९ ते १९०१ मध्ये रंगवलेली थेम्स काय स्वच्छ होती? त्या सुंदर धुक्यात कोळशाचा धूर होता! आणि आपले आबालाल रहमान (मृत्यू १९३१)? ते कोल्हापुरात कोटितीर्थाकाठी राहून तिथलंच पाणी न् झाडं रंगवत बसले. नदी नव्हे, तळं. पण मुद्दा तोच.

आपण पंचगंगेकडे बघतो कधी? पूर आला की (२००५, २०१९, २०२१), नाहीतर साथ आली की. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, तेव्हा पाण्याची चर्चा झाली. मग पुन्हा पाठ!

चित्रकार रोज बघतो. पाण्याचा रंग कधी बदलला, फेस कुठून आला, हे रोज बघणाऱ्यालाच कळतं. म्हणून पंचगंगा फेसासकट, प्रोसेसच्या धुराड्यांसकट रंगवा. 'स्वच्छ झाली की काढू' म्हणणारे चित्रही काढणार नाहीत आणि नदीही साफ करणार नाहीत.

असो. मंडळी, तुमच्या वॉलपेपरवर कुठली नदी आहे?