गोधडीची मजुरी कोण देणार?

हल्ली कुठल्याही कार्यक्रमाला जावं तर एक व्याख्यान ठरलेलंच असतं. सुती नेसा, प्लास्टिक टाळा, जुनेराच्या गोधड्या शिवा, पिशव्या शिवा, पायपुसणी विणा. आमच्या पिंपळगाव बसवंतलाही ते झालं. बोलणारे गृहस्थ, ऐकणाऱ्या सगळ्या बाया. म्हणजे पृथ्वी वाचवायची तीही बाईच्या सुईनेच! या गृहस्थांच्या सदऱ्याला बटण कोण लावतं, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं.

सुती कापडाशी माझं भांडण नाही. पण ‘कापड निवडून घ्या’ म्हणणाऱ्यांनी आमचं कपाट एकदा उघडून पाहावं. त्यातल्या किती साड्या आम्ही निवडलेल्या असतात? लग्न, डोहाळजेवण, वास्तुशांत, सगळीकडून आलेला आहेर. या घरातून त्या घरात, पुष्कळदा घडीही न मोडता. आहेर स्वस्तात हवा, म्हणून तो पॉलिएस्टरचा. आज जगात तयार होणाऱ्या धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, ते काय आमच्या हौसेने?

आणि गोधडी त्याच साड्यांची होते. माझ्या सासूबाई शिवायच्या ती मऊ पडलेल्या सुती लुगड्यांची आणि धोतरांची. घाम टिपायची, धुतली की आणखी मऊ व्हायची. आता वर सिंथेटिक, आत सिंथेटिक. सुई सरकते, थर जागेवर राहत नाहीत, उन्हाळ्यात अंगाखाली घेववत नाही. धुताना तिचे बारीक तंतू पाण्याबरोबर जातात ते कुजतही नाहीत. व्याख्यानात हे कुणी सांगत नाही.

आता कष्टाचं बोलू. द्राक्षाचा हंगाम सरला की बागेतलं काम कमी होतं, तेव्हा आम्ही गोधडी अंथरतो. कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, बोटाएवढ्या अंतरावर ओळ. पाठ आणि मान धरते. स्वयंपाक, पाणी, जनावरं उरकून दुपारी बसलं तर एका गोधडीला तीन आठवडे सहज जातात. तिला घरात म्हणतात ‘फावल्या वेळातलं काम’. फावला वेळ? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं गेली, पुरुषाची 97.

तीच गोधडी शहरातल्या प्रदर्शनात ‘आजीच्या मायेची ऊब’ अशी चिठ्ठी लावून विकतात. मायेची म्हटलं की मजुरीचा प्रश्नच मिटला!

सरकारचीही तीच तऱ्हा. राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच ‘शाश्वत’ हा शब्द आहे. त्यातून अंत्योदय कार्डावर यंत्रमागाची एक साडी फुकट वाटायचं ठरलं. 2024 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बायांनी त्या साड्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या. साडी नको, काम द्या, म्हणाल्या. याला म्हणतात निवड!

शिवणाऱ्या बायांनी दर मागणं काही नवं नाही. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवणाऱ्या बायांना 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘सेवा’ने एकत्र केलं. दर मागितला तेव्हा व्यापाऱ्याने काम बंद केलं. मग सेवेने स्वतःच चिंध्या विकत घेऊन शिवण चालू ठेवलं. पुढे 1996 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी करार केला. त्यामागे अशाच बायांची खटपट होती. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. घरात बसून शिवणारी बाई कामगार म्हणून सहसा कुणाला दिसत नाही. गावोगाव शिलाई मशीन वाटताना मात्र ती बरोबर दिसते.

तर ज्यांना गोधडी जपायची आहे त्यांनी आधी घरातल्या मुलग्यांच्या हाती सुई द्यावी. आहेरात साडीऐवजी पैसे द्यावेत, किंवा काहीच देऊ नये. आणि गोधडी विकत घ्यायची तर बागेतला रोज धरून दिवस मोजावेत. आमच्या गल्लीतल्या सात जणींनी यंदा हाच दर लावला आहे. दोन दुकानदार ऐकून परत गेले. तिसरा म्हणाला, घरच्यांशी बोलून सांगतो.