रजईतली मैफल

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पंजाबात जाऊ नये, असं शहाणी माणसं सांगतात. धुकं असं दाट उतरतं की समोरच्या माणसाचा नुसता आवाज ऐकू येतो. आगगाड्या तासन् तास रखडतात. आणि नेमक्या याच दिवसांत जालंधरची मंडळी जवळजवळ दीडशे वर्षं गाण्याचं संमेलन भरवत आली आहेत!

माझा चुलतभाऊ लष्करात. त्याची बदली जालंधर छावणीत झाली होती, तेव्हा एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो. गाडी सात तास उशिरा पोहोचली. दात वाजत होते. कधी एकदा अंथरुणात शिरतो असं झालं होतं. पण वहिनींनी चहाचा कप हातात ठेवला आणि म्हणाल्या,

"भाऊजी, जेवून घ्या पटकन. नऊला निघायचंय."

"कुठं?"

"हरिवल्लभला. गाणं ऐकायला."

"अहो वहिनी, या थंडीत?"

"मग गाणं काय उन्हाळ्यापर्यंत थांबणार आहे?" असं म्हणून त्यांनी एक जाडजूड रजई माझ्या खांद्यावर टाकली. भाऊ नुसताच हसला. ही रजई त्याच्याही खांद्यावर कधीतरी पडली असणार!

देवी तलावाच्या मांडवात शिरलो आणि थक्क झालो. शाली, कांबळी, कानटोप्या, मफलर यांतून फक्त डोळे दिसत होते. म्हातारेकोतारे होते, कॉलेजची मुलं होती, आईच्या मांडीवर झोपलेली लेकरं होती. गवयाच्या तोंडून सुरांबरोबर वाफ निघत होती. तबलजी मधेच हात चोळून घेत होते. पण चांगली जागा आली की सगळा मांडव एकदम "वाह!" म्हणून उठत होता.

माझ्या शेजारी एक वृद्ध सरदारजी बसले होते. न राहवून मी त्यांना विचारलं, "हे संमेलन फेब्रुवारी-मार्चमध्ये का नाही घेत?" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "बेटा, ठंड तो हर साल आती है." एवढं बोलून पुन्हा गाण्याकडे वळले. जरा वेळानं माझं कुडकुडणं पाहून त्यांनी आपल्या कांबळ्याचं टोक माझ्या गुडघ्यांवर सरकवलं.

हे संमेलन सुरू झालं १८७५ साली. स्वामी हरिवल्लभ यांनी आपले गुरू स्वामी तुलजागिरी यांच्या स्मरणार्थ ते भरवलं. तेव्हाचं जालंधर आजच्यासारखं मोठं शहर नव्हतं. मांडवात दिवे नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हते. थंडी मात्र हीच होती. पुढे पंडित तोलोराम यांनी ही धुरा अनेक वर्षं वाहिली. फाळणी झाली, पंजाबातले कितीतरी मुसलमान गवई सरहद्दीपलीकडे गेले. ऐंशीच्या दशकात पंजाब अशांत झाला. तरी हरिवल्लभची परंपरा तुटली नाही.

आपल्या मराठी माणसांचं या जागेशी जुनं नातं आहे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर इथं गाऊन गेले. १९३१ साली ते वारले. त्यानंतर चार वर्षांनी, १९३५ मध्ये, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा दत्तात्रेय पहिल्यांदा जाहीर मैफलीत गायला, तो याच संमेलनात. वडिलांना ऐकलेले कान समोर असताना त्या पोरक्या मुलानं पहिला सूर कसा लावला असेल, कोण जाणे! पुढे द. वि. पलुस्कर हे नाव घराघरात पोहोचलं.

दुसरी गोष्ट आणखी एका मुलाची. १९३३ साली गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घरातून पळाला. मजल दरमजल करीत, ग्वाल्हेरपासून कलकत्त्यापर्यंत भटकून तो जालंधरला पोहोचला आणि भगत मंगतराम या अंध गायकांकडे धृपद शिकू लागला. संमेलनासाठी तिथं विनायकबुवा पटवर्धन आले होते. एवढ्या दूर आलेल्या या मुलाला त्यांनी सांगितलं, की तुझा गुरू तुझ्या घराजवळच आहे, कुंदगोळला. सवाई गंधर्वांकडे जा. मुलगा परत फिरला. त्याचं नाव भीमसेन जोशी!

१९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात जो महोत्सव सुरू केला, तोही हिवाळ्यात रंगणारा. २०१४ च्या डिसेंबरात अवकाळी पावसानं तिथं मैदानात चिखल केला. महोत्सव पुढे गेला, पण रद्द झाला नाही. १ जानेवारी २०१५ ला सूर लागलेच.

त्या रात्री रजईत बसून मी हाच विचार करीत होतो. समजा, त्या एका वर्षी जालंधरच्या मंडळींनी म्हटलं असतं, "फार गारठा आहे, यंदा राहू द्या!" कुणीही त्यांना दोष दिला नसता. पण मग गदगच्या त्या मुलाला त्याचा रस्ता कोणी दाखवला असता?

आपल्याकडेही गल्लीतल्या व्याख्यानमाला असतात, शाळेची स्नेहसंमेलनं असतात. आभाळ भरून आलं, चार खुर्च्या रिकाम्या दिसल्या, की आपण म्हणतो, "कोण येणार आता?" कुणी एक जण आलेला असतो. तो बहुधा मागे, कोपऱ्यात उभा असतो.

पहाटे दोनला वहिनी म्हणाल्या, "चला भाऊजी, फार गारठलात." मी म्हटलं, "थांबा हो वहिनी. आत्ताच तर विलंबित सुरू झालंय!"