खंडेनवमीचा हार आणि पौषातला गंज

थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर औंधच्या एस.टी. स्थानकापाशी उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरकडे जरा नीट पाहा. नुकत्याच सुरू झालेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते आणि टोकाशी पाण्याचे थेंब टपकतात. ‘इंजिनात पाणी शिरले वाटते!’ असे कोणीतरी म्हणतो. पण हे पाणी बाहेरून शिरलेले नसते, ते गाडीनेच तयार केलेले असते.

पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. पेट्रोल जळते तेव्हा हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! उन्हाळ्यात, किंवा गाडी लांब पल्ल्यावर निघाली की, हे पाणी वाफ होऊन निघून जाते. पण पौषातल्या गारठ्यात सायलेन्सर थंडगार असतो. त्याच्या आतल्या पत्र्यावर वाफेचे पाणी होते. त्यात जळलेले वायू थोडे विरघळतात आणि ते किंचित आम्लधर्मी बनते. गाडी औंधाहून रहिमतपूरपर्यंत गेली, तर पत्रा तापून आतून कोरडा होतो. पण घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन ती बंद केली, तर पाणी आतच राहते. असे रोज घडले, की वरून चकचकीत दिसणारा सायलेन्सर आतून गंजत जातो आणि एके दिवशी त्याला भोक पडते.

‘आपल्याकडे ना बर्फ, ना समुद्र. मग गंजाची एवढी काळजी कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. कॅनडात किंवा उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी गाड्यांच्या पोटाला लागून लोखंड खाते. रत्नागिरी-मालवणकडे खारा वारा हेच काम करतो. त्या मानाने खटाव तालुक्याची हवा कोरडी आहे आणि येथे गंज सावकाश चढतो, हे मान्य. पण सावकाश चढणारा गंज लक्षात येत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा असतो, असे मला वाटते.

शिवाय मीठ आपणही गाडीवर आणतोच की! रब्बीच्या हंगामात खताची पोती मोटारसायकलवरूनच शेतात जातात. पोटॅश खत म्हणजे बहुधा पोटॅशियम क्लोराईड. आपल्या जेवणातल्या मिठाचे ते सख्खे भावंडच. पोत्यातून सांडलेले चार दाणे सांगाड्याच्या सांध्यात अडकतात, रात्री त्यांच्यावर दव पडते आणि खारट पाण्याचा थेंब तयार होतो. लोखंड गंजताना त्यात अतिशय क्षीण असा विद्युत्प्रवाह वाहत असतो. साध्या पाण्यातून तो जेमतेम वाहतो, खारट पाण्यातून सहज वाहतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ उलिक इव्हान्स यांनी लोखंडावर खारट पाण्याचा एकच थेंब ठेवून हे दाखवले. त्यांना आणखी एक गंमत आढळली. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, पण लोखंड झिजते ते मध्यभागी, जेथे हवा कमी पोहोचते! मडगार्डच्या आत आषाढापासून चिकटून बसलेल्या चिखलाखाली नेमके हेच होते. तो चिखल लोखंड झाकत नाही, खातो.

आता माझे म्हणणे सांगतो. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. पावसाळा संपताच हत्यारे-अवजारे बाहेर काढावी, पुसावी, त्यांना तेल लावावे, ही व्यवहाराची बाजूही त्या पूजेत आहे. आज हार राहिला आहे आणि पुसणे मागे पडले आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरी मोटारसायकलचा गंज शोधण्याचा कार्यक्रम व्हावा, आणि तो तुम्ही मुलांनी पुढाकार घेऊन करावा.

इंजिन बंद आणि थंड असताना मडगार्डच्या आतला चिखल साध्या पाण्याने काढा. धुण्याचा सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियमचे भाग खातो. धुतल्यावर गाडी उन्हात पूर्ण कोरडी होऊ द्या, कारण ओली गाडी ताडपत्रीखाली झाकणे म्हणजे गंजाला घर बांधून देणे. रंग उडाला असेल तेथे गंज घासून लगेच रंगाचा हात द्यावा. चेनला तेल मोठ्या माणसांनी द्यावे. इंजिन चालू असताना चेनला हात लावण्याचे धाडस कोणीच करू नये. काही जण गाडीवर सरसकट डिझेल फवारतात. ते रबर बिघडवते, धूळ धरते, आणि ब्रेकला लागले तर जिवाशी खेळ होतो.

प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. अनेक घरांत दूध डेअरीला नेणारी, मुलांना शाळेत पोहोचवणारी गाडी ही एकच असते. ब्रेकची तार नळीच्या आत गंजली तर ती बाहेरून दिसत नाही. ऐन उतारावर ती अडकते किंवा तुटते, तेव्हाच कळते.

ज्या औंध संस्थानात आपले गाव होते, त्याच संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी भीती तेव्हा अनेक शेतकऱ्यांना वाटे. अनुभवाने ती भीती गेली. पण आज आपण दुसऱ्या टोकाला पोहोचलो आहोत. लोखंड म्हणजे कायमचे टिकणारे, असे समजून त्याच्याकडे पाहतही नाही. भीती आणि बेफिकिरी दोन्ही अज्ञानातूनच येतात.

आणि दुकान जर दोनशे पावलांवर असेल, तर थंडीत सकाळी गाडी काढूच नका. चालत जा. सायलेन्सर वाचेल, पेट्रोल वाचेल आणि अंगात ऊबही येईल!