कलपाचा निर्णय कोणाचा?

कर्करोगावरील अखेरची केमोथेरपी पार पडली की घरावरचे सावट थोडे दूर झाल्यासारखे वाटते. औषधांच्या वेळा, रक्ततपासण्या आणि रुग्णालयाच्या फेऱ्या यांतून कुटुंब हळूहळू मोकळे होते. दुकान पुन्हा वेळेवर उघडते, स्वयंपाकघर पूर्ववत चालू लागते. याच सुमारास रुग्णाच्या डोक्यावर नवे केस दिसू लागतात. ते आखूड असतात, मऊ असतात आणि पुष्कळदा पांढरे किंवा करडे असतात. मग घरातील कोणीतरी सहज म्हणून जाते, "आता जरा कलप लावा, म्हणजे अगदी पहिल्यासारख्या दिसाल."

बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तथापि या एका वाक्यात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. कलप शरीराला केव्हा मानवेल, हा पहिला प्रश्न. आणि तो लावायचा की नाही हे कोणी ठरवायचे, हा दुसरा. पहिला प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर डॉक्टर देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र अनेक घरांत भलतीच माणसे देऊन टाकतात.

प्रथम पहिल्या प्रश्नाचा विचार करू. केस गळणे हे रोग बळावल्याचे लक्षण नसून औषधाचा परिणाम असतो. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात आणि केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असतात. डोक्यावरील सुमारे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असल्यामुळे हा आघात व्यापक ठरतो. पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत गळती सुरू होते. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल यांसारख्या औषधांनी बहुतेक सर्व केस जातात. कधी भुवया आणि पापण्याही जातात. काही औषधांनी केस नुसते विरळ होतात, तर काहींनी फारसा फरक पडत नाही. किरणोपचारांत ज्या भागावर किरण दिले जातात, तेथलेच केस जातात. छातीवर किरण घेणाऱ्या रुग्णाच्या डोक्यावरील केस त्यामुळे गळत नाहीत.

उपचार चालू असताना कलप टाळावा, असाच सल्ला सामान्यतः दिला जातो. या काळात डोक्याची त्वचा कोरडी आणि हळवी झालेली असते, उरलेले केस ठिसूळ असतात. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, तर त्वचेवरचा किरकोळ ओरखडाही संसर्गाचे निमित्त होऊ शकतो. काही रुग्णालयांत केस टिकावेत म्हणून केमोथेरपी देताना डोक्यावर थंड टोपी बसवतात. तो उपचार घेणाऱ्यांनाही केसांना रसायने न लावण्याची सूचना दिली जाते.

उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात आणि महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर या गतीने वाढतात. त्यांचा पोत बदललेला असतो. ज्यांचे केस आयुष्यभर सरळ होते, त्यांना कुरळे केस येतात. रंगही पालटतो. यातील पुष्कळसा बदल तात्पुरता असतो. केसांना रंग देणाऱ्या पेशींचे काम पूर्ववत झाले, की काहींच्या बाबतीत पुढील महिन्यांत केस आपोआप काळे होऊ लागतात. घाई न करण्याला हेही एक कारण आहे.

पक्का काळा रंग देणाऱ्या बहुतेक कलपांत अमोनिया किंवा तत्सम द्रव्य केसाचे बाह्य आवरण सैल करते, हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरते आणि पॅराफेनिलिनडायमिन या रसायनापासून केसाच्या आतच रंग तयार होतो. हेच पॅराफेनिलिनडायमिन त्वचेला खाज, पुरळ आणि सूज आणण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. म्हणून अनेक तज्ज्ञ केमोथेरपी संपल्यावर सुमारे सहा महिने थांबावयास सांगतात. निदान केस इंचभर वाढलेले असावेत आणि त्वचा पूर्ण बरी झालेली असावी, एवढी अपेक्षा असतेच. पूर्वी वीस वर्षे तोच कलप सोसला होता, हा आधार येथे पुरेसा नाही. उपचारांनंतर त्वचेची सहनशीलता बदललेली असू शकते. कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा कलप लावून ४८ तास वाट पाहणे आवश्यक आहे.

मेंदीविषयी एक गैरसमज आपल्या घरांत फार रुजलेला आहे. शुद्ध मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य केसाला तांबूस छटा देते आणि बहुतेकांना ते सोसते. परंतु मेंदीने केस एकदम काळेभोर होत नाहीत. 'काळी मेंदी' या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीत पुष्कळदा तेच पॅराफेनिलिनडायमिन मिसळलेले असते. पुडीवर पानाचे चित्र आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही. मालाची पारख करणाऱ्या व्यापारी कुटुंबांना घटकद्रव्यांची यादी वाचण्याचा सल्ला वेगळा देण्याची गरज पडू नये.

यापुढील शंका अधिक गंभीर असते. कलपामुळेच कर्करोग होतो, किंवा गेलेला परत येतो, असे छातीठोकपणे सांगणारे शेजारी सर्वत्र भेटतात. फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या खंडात, रोज रसायने हाताळणाऱ्या केशकर्तनकारांचा व्यवसाय 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला. स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांबाबत मात्र पुरावा अपुरा असल्यामुळे वर्गीकरण करता येत नाही, असे म्हटले. २०१९ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पक्का कलप वापरणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण ९ टक्क्यांनी अधिक आढळले. कृष्णवर्णीय स्त्रियांत ते त्याहून बरेच अधिक होते. त्या पाहणीतील प्रत्येक स्त्रीच्या बहिणीला हा रोग झालेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १,१७,२०० अमेरिकन परिचारिकांची ३६ वर्षांची माहिती तपासली गेली. बहुतेक कर्करोगांचा धोका कलपामुळे वाढलेला दिसला नाही. स्तनाच्या काही विशिष्ट प्रकारच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगात थोडी वाढ दिसली.

या सर्वांचा मेळ घातला, तर निष्कर्ष संयमाचा निघतो. क्वचित लावलेल्या कलपाने भयभीत होण्याचे कारण नाही आणि दर पंधरवड्याला गडद रंग मुरवण्याचेही कारण नाही. ज्यांना स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी हा प्रश्न आपल्या कर्करोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत विचारावा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. व्यापारी कुटुंबांत कलपाची घाई का होते, याचे कारण पुष्कळदा केसांत नसतेच. मुलीचे स्थळ पाहणे चालू असते. आईला कर्करोग झाल्याचे कळले तर पुढची मंडळी मागे हटतील, अशी भीती असते. घरच्या कर्त्या पुरुषालाच आजार झाला असेल, तर उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी हात आखडता घेईल, बाजारात कुजबुज होईल, अशी धास्ती असते. मग पांढरे, आखूड केस ही कुटुंबाच्या पतीवरची खूण ठरते आणि ती झाकण्यासाठी कलपाची बाटली आणली जाते. लग्नाची तारीख दोन महिन्यांवर असते, डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने मात्र पुरे झालेले नसतात. अशा वेळी ज्या डोक्यावर हा कलप चढायचा, त्या माणसाचे मत विचारण्याचे घरात कोणालाच सुचत नाही.

ही भीती खोटी आहे असे म्हणता येणार नाही. समाजात अजूनही या रोगाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. परंतु भीती खरी असली, तरी तिची किंमत रुग्णाच्या त्वचेने का मोजावी? रोग लपवून जुळवलेले नाते पुढे उघडे पडले, तर अविश्वासाचे ओझे त्याच मुलीच्या वाट्याला येते. लग्नसमारंभापुरता टोप वापरणे किंवा डोक्यावरून पदर घेणे, हे सुरक्षित मार्ग आहेत. तेही रुग्णाला हवे असतील तरच.

याच्या उलट दिशेचा दबावही तितकाच अन्यायकारक असतो. उपचार संपल्यावर एखादी स्त्री स्वतःहून केसांना रंग लावू म्हणते, तेव्हा "एवढ्या मोठ्या दुखण्यातून वाचलात, आता कसली हौस?" असा टोमणा तिला ऐकावा लागतो. आरशात कित्येक महिने परका चेहरा पाहिलेल्या माणसाला आपला ओळखीचा चेहरा परत हवासा वाटला, तर त्याला केवळ हौस म्हणणे योग्य नव्हे. पुरुषांच्या मनातही ही इच्छा असते. ते ती बोलून दाखवत नाहीत, इतकेच.

भेटीस येणारे काही हितचिंतक धीर देण्यासाठी म्हणतात, "केस गेले तर केशलोच झाला असे समजा." हे शब्द सद्भावनेने उच्चारलेले असले, तरी ऐकणाऱ्याला ते जखम करतात. साधु-साध्वींचा केशलोच हा स्वेच्छेने, पूर्ण जाणिवेने स्वीकारलेला त्याग असतो. त्याचे मोल त्या स्वेच्छेतच आहे. रुग्णाचे केस औषधाने नेलेले असतात. त्याला कोणी काही विचारलेले नसते. शस्त्रक्रिया केव्हा, मात्रा किती, आहार कोणता, हे सारे वर्षभर इतरांनीच ठरवलेले असते. त्याची स्वेच्छा त्याच्याकडे परत येण्याचा पहिला छोटासा प्रसंग कदाचित हाच असतो, की आपल्या केसांचा रंग कोणता असावा. तो प्रसंग कुटुंबाने त्याच्याकडून काढून घेऊ नये.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. सूनबाईंनी किंवा मुलाने सासूबाईंपुढे, वडिलांपुढे कलपाची पुडी ठेवण्याआधी "तुम्हाला काय आवडेल?" एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. उत्तर 'लावायचा' असे आले, तर डॉक्टरांची संमती घ्यावी, ४८ तासांची चाचणी करावी, अमोनियाविरहित सौम्य आणि तात्पुरता रंग प्रथम निवडावा, लावताना हातमोजे घालावेत, सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक ठेवू नये आणि केस स्वच्छ धुवावेत. अमोनिया नाही म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन नाही, असे गृहीत धरू नये. उत्तर 'नाही' असे आले, तर लग्नाच्या छायाचित्रात पांढऱ्या, आखूड केसांच्या आईला मधोमध, मानाच्या जागी उभे करावे. आणि उत्तर 'अजून ठरले नाही' असे आले, तर तेही पूर्ण उत्तर मानावे. केस महिन्याला एक सेंटीमीटर वाढतात. निर्णयालाही तेवढा अवकाश देण्यास हरकत नसावी.