‘एरर येतेय, उद्या या’ हे उत्तर आता पुरे झालं

उत्पन्नाचा दाखला काढायला जा, पीक विम्याचा अर्ज भरायला जा, नाहीतर पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी जा. “एरर येतेय, उद्या या” हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या तालुक्यात सापडणार नाही. कसली एरर, कुणामुळे, हे विचारलं की केंद्रावरचा पोरगा खांदे उडवतो. त्याचा तरी काय दोष? त्याच्या स्क्रीनवर एकच इंग्रजी ओळ असते : काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा.

पण मंडळी, मशिनला माहीत असतं काय चुकलं ते. बहुतेक सॉफ्टवेअर मागे एक रोजनिशी लिहीत असतं. तिला लॉग म्हणतात. किती वाजता कुठली पायरी चालली आणि कुठे अडकली, हे सगळं त्यात उतरतं. आणि हा लॉग ठेवणं ऐच्छिकही नाही. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनासुद्धा आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ते सायबर सुरक्षेसाठी, हे खरं. पण नोंद असते, एवढं तर नक्की.

अडचण आहे ती शोधण्याची. सॉफ्टवेअर तयार होताना जो लॉग निघतो, त्याला बिल्ड लॉग म्हणतात. तो हजारो ओळींचा असू शकतो. त्यात ‘एरर’ शब्द शोधला, तर ‘शून्य एरर’ अशी ओळही सापडते, आणि नावात एरर शब्द असलेली निर्दोष फाईलही. खरी चूक बऱ्याचदा शेवटच्या ओळीत नसते, बरीच वर असते. खालच्या सगळ्या बोंबा त्या पहिल्या चुकीमुळे उठलेल्या असतात. प्रोग्रामर लोकांनी या त्रासावर उपाय काढले. प्रत्येक पायरीच्या ओळींची घडी घालायची, म्हणजे हवी तेवढीच उघडता येते. चुकीच्या ओळीवर वेगळी खूण करायची. रस्ट नावाच्या भाषेत तर बहुतेक चुकांना ई०३८२ सारखा ठरावीक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक टाकला की चुकीचा अर्थ उदाहरणासकट समोर येतो.

म्हणजे स्वतःच्या सोयीसाठी हे सगळं जमतं. मग रांगेत उभ्या माणसासाठी का जमत नाही?

हा नुसता सोयीचा प्रश्न आहे असं वाटत असेल, तर ब्रिटनकडे बघा. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली आणली. हिशेबात तूट दिसली की पैसे पोस्टमास्तरने खाल्ले, असं धरलं गेलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, त्यात एक गरोदर बाई होती. प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सूकडे मात्र माहीत असलेल्या चुकांची एक नोंदयादी होती. ५५५ जण एकत्र कोर्टात गेले, तेव्हा ती यादी द्यायलासुद्धा पोस्ट ऑफिसने टाळाटाळ केली. शेवटी ती उघडली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी प्रणालीत दोष होते असं स्पष्ट सांगितलं. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं. नोंद होती. ज्याच्यावर आळ होता, त्याला ती बघता येत नव्हती.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. साहेबांनी अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, मुदतही ठरलेली असते. पण ‘सबमिट’ दाबल्यावर एरर आली तर? अर्ज नाकारलाही नाही आणि आलाही नाही. अर्ज क्रमांक नाही, म्हणून मुदत सुरू नाही, म्हणून अपील नाही. शेवटची तारीख मात्र निघून जाते. जे साहेबांना करता येत नाही ते मशिनला बिनधास्त करता येतं, ही खरी मेख आहे.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्येच अट घाला. प्रत्येक एररला क्रमांक, तारीख-वेळ आणि मराठीत कारण हवं. तो क्रमांक टाकला की तालुक्याच्या कार्यालयात लॉगमधली नेमकी ओळ सापडली पाहिजे. माहीत असलेल्या चुकांची यादी पोर्टलवर लावा. आणि अडलेला प्रयत्न हीच अर्जाची तारीख धरा.

लॉगमध्ये लोकांची खासगी माहिती असते, ती उघडी कशी करणार, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. सगळा लॉग कुणी मागतच नाही. ज्याचा अर्ज, त्याला त्याच्यापुरती ओळ द्या.

तोवर एक करा. एरर आली की स्क्रीनचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, आणि त्याच दिवशी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मशिनची नोंद आपल्या हातात नाही. आपली नोंद तरी आपल्याकडे असू द्या.