कारण न विचारता

आपल्याकडे एकटं माणूस दिसलं की त्याला आधी सल्ला मिळतो. म्हातारी एकटी राहत असेल तर, "लेकाकडे मुंबईला जा की." तिशी उलटलेला मुलगा असेल तर, "लग्न उरकून टाक एकदाचं." आमच्या रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात पाळी करणारा, अष्टमी गावात खोली घेऊन राहणारा परमुलखातला कामगार असेल तर, "बायकोपोरांना इकडेच आण." सांगणाऱ्याला काळजी असते, यात शंका नाही. पण सल्ला दिला की सांगणारा सुटतो, हेही तितकंच खरं. कारण सापडलं, उपाय सांगून झाला, आता आपण आपल्या वाटेने मोकळे.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय जवळीक आणि एकटेपणा. तो प्रायोगिक लघुपटांच्या अंगाने मांडायचा असं ठरलं तेव्हा, "रोहे-अष्टमीच्या अंकात हे कुठून आलं?" असं विचारणारे भेटलेच. त्यांना आमचं उत्तर एवढंच, की हे लघुपट एकटं माणूस दाखवतात आणि त्याचं कारण सांगत नाहीत. कारण हाती नसलं की सल्ला देता येत नाही. मग त्या माणसासोबत थोडा वेळ बसणं एवढंच आपल्या हातात उरतं.

शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेने 1972 साली न्यूयॉर्कमध्ये 'ला शांब्र' नावाचा अकरा मिनिटांचा मूकपट केला. एक खोली आहे. कॅमेरा तिच्यात सावकाश गोल फिरतो. खुर्ची, टेबल, खिडकी दिसते आणि मग पलंगावर पडलेली एक तरुणी, म्हणजे खुद्द आकेरमान. पुन्हा फेरी, पुन्हा ती. कधी नुसती पडलेली, कधी सफरचंद खाणारी. बाकी काही घडत नाही. पहिल्या फेरीला आपण गोष्ट शोधतो. पुढे कॅमेरा दिशा बदलतो, तोवर आपण शोधणं सोडून तिची वाट पाहायला लागलेलो असतो. अनोळखी बाईची अशी वाट आपण एरवी कधी पाहिली असती?

'वळू' आणि 'विहीर'मुळे आपल्याला ठाऊक असलेल्या उमेश कुलकर्णी यांच्या 'गारुड' या लघुपटातही अशीच एक खोली आहे, पण ती लॉजची. कॅमेरा फिरत राहतो, माणसं बदलत जातात. प्रत्येकाचं काही गुपित आहे, काही घाई आहे. एकाच पलंगावर, त्याच भिंतींच्या आड इतके जण येऊन जातात आणि कोणाची कोणाशी गाठ पडत नाही. त्या सगळ्यांना ओळखणारा एकच उरतो, तो म्हणजे पाहणारा.

पायल कपाडिया यांनी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकताना केलेला 'आफ्टरनून क्लाउड्स' 2017 साली कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात गेला. अवघ्या तेरा मिनिटांच्या या लघुपटात साठीची विधवा काकी आणि तिच्याकडे कामाला असलेली नेपाळची मालती राहतात. काकीच्या भूमिकेत आपल्या उषा नाईक आहेत. दुपारची वेळ आहे. मालतीला तिच्या गावाकडचा एक ओळखीचा मुलगा अचानक भेटतो. दोघींचं छप्पर एक, दोघींच्या आठवणी मात्र वेगवेगळ्या दिशेच्या. तरी घरात दुसऱ्या माणसाचा वावर आहे, कोणीतरी हाक मारायच्या अंतरावर आहे, हा आधार कळत राहतो. याला नात्याचं नाव नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत म्हातारं माणूस आणि त्याची देखभाल करणारी बाई यांच्यात हेच असतं आणि त्याची मोजदाद कोणी करत नाही.

कपाडियांचाच 2018 चा 'अँड व्हॉट इज द समर सेइंग' आपल्याला याहून जवळचा, कारण तो भीमाशंकरच्या जंगलालगतच्या कोंडवळचा आहे. तिथे नामदेव वडिलांकडून शिकलेली जंगलविद्या सांगतो, आणि गावातल्या बाया हरवलेल्या प्रेमाबद्दल कुजबुजतात. कुजबुजतातच, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात मनातलं मोठ्याने सांगायची सोय नसते. गावात माणूस एकटं पडत नाही, या आपल्या लाडक्या समजुतीला हा लघुपट हळूच बाजूला सारतो. ओळख आणि जवळीक यांत केवढं अंतर असू शकतं, हे छोट्या गावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आपल्या कोकणाने एकटेपणाचं कारण फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे: चाकरमानी मुंबईला गेला, म्हणून घर ओस पडलं. त्या कारणात तथ्य आहेच. पण 1986 मध्ये रोह्यापर्यंत रेल्वे आली, 1998 मध्ये इथूनच पुढे कोकण रेल्वे सुरू झाली, आणि आता तर खिशातल्या फोनवर लेकाचा चेहराही दिसतो. अंतर आटलं तरी दुपारी दोन वाजता ओटीवर बसलेल्या बाईचं एकटेपण आटलेलं नाही. म्हणजे मुंबई हे कारण होतं, पण सगळं कारण नव्हतं. उलट मुंबईच्या गर्दीतही तेच आहे. 2024 मध्ये कानचा ग्राँ प्री मिळवणाऱ्या कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'मध्ये छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती, इस्पितळात स्वयंपाक करणारी विधवा, राहत्या घराचे कागद नाहीत म्हणून शहर सोडते आणि कोकणातल्या आपल्या गावी परतते. तिला पोचवायला इस्पितळात सोबत काम करणाऱ्या दोघी येतात. पार्वतीचं घर त्या वाचवू शकत नाहीत, तिच्यासोबत गावापर्यंत येऊ शकतात, आणि तेवढं त्या करतात.

"असले सिनेमे कळत नाहीत," ही तक्रार आम्हाला मान्य आहे. काही प्रयोग खरोखरच दुर्बोध असतात, काही नुसतेच संथ. पण तीस सेकंदांची रील एकामागून एक सरकवताना तासभर कसा जातो ते आपल्याला कळत नाही, आणि अकरा मिनिटं एका खोलीत थांबायचं म्हटलं की जीव कासावीस होतो. याचा दोष सगळा सिनेमाचा नसावा. डोळ्यांची ही घाई माणसांच्या बाबतीतही होते. समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर आलं की आपला सल्ला तयार असतो.

म्हणून या अंकात लघुपटांवरच्या लेखांइतकीच जागा इथल्या माणसांच्या बोलण्याला दिली आहे. कथा, कविता आणि टिपणं निवडताना एक पथ्य पाळलं: शेवटी तोडगा सांगणारं लेखन घ्यायचं नाही. काही चांगली पानं त्यामुळे बाहेर राहिली, त्याची रुखरुख आहे.  एक विनंती आहे. फराळाला जमाल तेव्हा एखादा लघुपट चारचौघांनी मिळून पाहा. संपल्यावर अर्थ सांगायची घाई करू नका. आणि दिवाळीला आलेलं घरचं माणूस आपणहून काही बोलू लागलं, तर त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. उपाय सुचलाच तर तो तुळशीच्या लग्नापर्यंत राखून ठेवा. तोवर त्याची गरज उरलेली नसेल, असा आमचा अंदाज आहे.



— संपादक