कानांनाही उसंत हवी

गेल्या हिवाळ्यात वकील मित्राच्या आग्रहाने पुण्याला मोकळ्या मैदानावर रॉक संगीताचा महोत्सव ऐकायला गेलो. संगीत आवडले, हे आधीच सांगतो; नाहीतर वाचक म्हणतील, डॉक्टर म्हातारे झाले! पण मित्र हट्टाने स्पीकरपुढेच उभा राहिला. परतताना एसटीत त्याच्या कानांत रातकिडे किरकिरत होते. 'सकाळी जाईल,' म्हणाला. गेलेही. मात्र ही किरकिर म्हणजे अंतर्कर्णातील नाजूक केसपेशींवर पडलेला ताण. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत.

८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १०० डेसिबल सरासरीची मर्यादा सुचवली. श्रोत्यांना कानांचे बोळे आणि शांत जागा द्यावी, असेही म्हटले. आपल्याकडे तर मिरवणुकीतल्या डीजेपुढे तान्ही मुले बापाच्या खांद्यावर असतात! त्यांना कोण विचारतो?

कापूस फारसा उपयोगी नाही. औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठावेत.

यंदाही आम्ही जाणार आहोत. वकीलसाहेबांचे बोळे माझ्या खिशात असतील.